कुसळ, मुसळ आणि शेजारी : ख्रिस्ती नीती आणि लोकांना नावं ठेवणं यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरची. घरात मराठी, उपासना हिंदीत, बाजारात मालवी मिसळलेलं काहीतरी. संडे स्कूलमध्ये बरीच वर्षं शिकवलं. मी पाळक म्हणजे पाद्री नाही, वकील तर नाहीच. खालचे प्रश्न मुलांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि रामबागेतल्या हिंदू शेजारणींनी वेळोवेळी विचारलेले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न मलाही छळतात.

येशूनेच "दोष काढू नका" असं सांगितलंय. मग ख्रिस्ती माणसाने चूक-बरोबर बोलायचंच नाही का?

हा प्रश्न पहिला, आणि बहुतेक वेळा तो भांडणाच्या मधोमध येतो. "मला जज करू नकोस, तुझ्याच बायबलमध्ये लिहिलंय."

लिहिलंय खरं. मत्तयाच्या सातव्या अध्यायाची सुरुवातच तशी आहे : "तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका." पण लोक तिथेच पुस्तक मिटतात. पुढच्या चार ओळींत कुसळ आणि मुसळ येतं. स्वतःच्या डोळ्यात मुसळ असताना भावाच्या डोळ्यातलं कुसळ कशाला बघतोस? ढोंग्या, आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे भावाचं कुसळ काढायला तुला नीट दिसेल.

एकदा वर्गात एका मुलाने विचारलं, "टीचर, कुसळ म्हणजे काय?" शहरातली पोरं, त्यांना कुठून माहीत असणार? पुढच्या रविवारी मी गव्हाची ओंबी नेली आणि आईचं जुनं मुसळ. ओंबीच्या टोकाचे ते केसासारखे काटे एकेक करून सगळ्यांच्या तळहातावर ठेवले. मुसळ हातभर लांब नाही, चांगलं कमरेएवढं. एका पोराने ते डोळ्याला लावून बघितलं आणि शेजारच्याचं डोकं फुटता फुटता राहिलं. मला जे समजावायचं होतं ते त्याने दोन सेकंदांत करून दाखवलं. डोळ्यात मुसळ घेऊन वळलात की इजा दुसऱ्याला होते.

आता मराठी बायबलची एक गंमत बघा. हिंदीत आम्ही वाचतो "दोष मत लगाओ", पुढे डोळ्यात तिनका आणि लट्ठा. मराठीत मात्र दोषही 'काढायचा' नाही आणि कुसळ मात्र 'काढायचं' आहे. क्रियापद एकच. कुसळ काढायला काय लागतं, ते ज्याच्या डोळ्यात कधी गेलंय त्याला विचारा. उजेड लागतो, हात स्थिर लागतो, पदराचं टोक लागतं, आणि मुख्य म्हणजे इतकं जवळ जावं लागतं की समोरच्याचा श्वास लागावा. दोष काढायला यातलं काहीच लागत नाही. तो गॅलरीतून काढता येतो, फोनवरून काढता येतो, माणूस घरी नसताना तर फारच छान काढता येतो.

म्हणजे चूक-बरोबर बोलायचंच नाही असं येशू म्हणत नाही. उलट योहानाच्या सातव्या अध्यायात तोच म्हणतो : "तोंड पाहून न्याय करू नका, तर यथार्थ न्याय करा."

मग पारख करणं आणि नावं ठेवणं यांत फरक कसा ओळखायचा?

मूळ ग्रीक क्रियापद 'क्रिनो'. निवडणं, ठरवणं, निकाल देणं, असे त्याचे अर्थ होतात. तांदूळ निवडताना खडा बाजूला काढणं म्हणजे तांदळाला नावं ठेवणं नव्हे. पण खडा सापडला म्हणून पोतंच उकिरड्यावर टाकायचं आणि दुकानदाराच्या सात पिढ्या काढायच्या, हे वेगळं. कृत्य चुकीचं आहे हे म्हणता येतं. हा माणूस असाच, याचं काही होणार नाही, हा शेवटचा निकाल आपला नाही. याकोब आपल्या पत्रात विचारतो की नियमशास्त्र देणारा आणि न्याय करणारा एकच आहे, तर शेजाऱ्याचा न्याय करणारा तू कोण?

मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठेवली आहे. जे बोलतेय ते त्या माणसाला बोलतेय की त्याच्याबद्दल बोलतेय? मत्तय 18 मध्ये क्रमही दिलाय : आधी एकट्याने एकट्याला गाठ, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत ने, मग मंडळीला, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांना, सांग. आमच्याकडे हा क्रम बरोब्बर उलटा चालतो. आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग एकदोघांना, आणि ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी. वर त्याला नाव काय, तर "भावासाठी प्रार्थना करा". प्रार्थनेच्या विनंतीत जेवढ्या भानगडी चव्हाट्यावर येतात तेवढ्या इंदूरच्या सराफा बाजाराच्या गर्दीतही येत नसतील.

व्यभिचारी स्त्रीला येशूने सोडून दिलं. तेच उदाहरण पुरेसं नाही का?

योहानाच्या आठव्या अध्यायातली ही गोष्ट नव्या कराराच्या सर्वात जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून बऱ्याच आवृत्त्यांत ती कंसात छापतात. तरी मंडळीने ती शतकानुशतकं जपली आहे, आणि मलाही ती सोडवत नाही. तिच्यात दोन वाक्यं आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा : आधी "मीही तुला दंड ठरवत नाही", मग "जा, यापुढे पाप करू नकोस". काहींना पहिलंच ऐकू येतं, काहींना दुसरंच. आणि त्या दिवशी पुरुष कुठे होता? लेवीय 20 प्रमाणे दोघांनाही शिक्षा होती. आणली एकटीला.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांना आपले नियम लावायचे का?

नाही. आणि हे माझं मवाळ मत नाही, हे पौलाचं, म्हणजे सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताचं, कडक मत आहे.

करिंथच्या मंडळीत एक माणूस बापाच्या बायकोबरोबर राहत होता, आणि मंडळी त्यावर गप्प होती. पौल चिडून लिहितो की त्याला तुमच्यातून काढा. पण त्याच पत्रात, पाचव्या अध्यायात, तो आधीच्या पत्राबद्दलचा एक गैरसमज दूर करतो. जारकर्म्यांची संगत धरू नका असं मी लिहिलं ते जगातल्या लोकांबद्दल नव्हतं, नाहीतर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागलं असतं. बाहेरच्यांचा न्याय करणं माझ्याकडे कुठे आहे? त्यांचा न्याय देव करील. तुम्ही आतल्यांचा करायचा.

करिंथ म्हणजे बंदराचं शहर, चारी बाजूंनी मंदिरं, पैसा, मौजमजा. तिथे मूठभर ख्रिस्ती. पौलाने त्यांना शहराविरुद्ध मोर्चा काढायला सांगितलं नाही, आपल्या घरात झाडू मारायला सांगितला.

आपण काय करतो? शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलीची वेळ-अवेळ मोजतो, आणि मंडळीच्या पैशांचा हिशेब तीन वर्षं कुणी मांडला नाही त्याबद्दल "जाऊ दे, प्रभू बघेल" म्हणतो. पौलाने जे देवावर सोपवलं ते आपण हातात घेतलं, आणि त्याने जे हातात दिलं ते देवावर सोपवून मोकळे झालो. माझं या सगळ्या पानावर सांगणं काय ते एवढंच आहे, बाकीचे प्रश्न त्याच्याच फांद्या.

पण भारत धर्मनिरपेक्ष देश आहे. धर्माची नीती घराच्या आत ठेवावी, नाही का?

'धर्मनिरपेक्ष' हा शब्द घटनेच्या उद्देशिकेत 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आला, पण अनुच्छेद 25 पहिल्यापासून आहे. सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य, धर्म मानण्याचं, आचरण्याचं, त्याचा प्रसार करण्याचंही, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य सांभाळून. म्हणजे इथे धर्म गायब नाही, उलट गल्लोगल्ली आहे. सरकारने कुणा एकाचा होऊ नये, एवढाच अर्थ.

शिवाय धर्म मानत नाही म्हणणाराही नीतीशिवाय जगत नाही. आमचं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं. ओल्यात सुका टाकला तर कचरागाडीवालाच टोकतो, शेजारी तर टोकतातच. तिथे "मला जज करू नका" म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही. तेव्हा मापं सगळ्यांकडे असतात, फक्त प्रत्येकाचं माप वेगळ्या खिशात.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. पाश्चात्य देशांतली प्रवचनं ऐकून इथले काही तरुण "ख्रिस्ती संस्कृती बुडाली" म्हणून तावातावाने बोलतात. कुठली बुडाली? 2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशात ख्रिस्ती शेकडा 0.29 होते. हजारात तिघंही नाहीत. आपण इथे कधी बहुसंख्य नव्हतो की हातातून काही निसटावं. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी 1877 मध्ये इंदूरला आले, 1887 मध्ये त्यांचं कॉलेज सुरू झालं. त्या कॉलेजात शिकून गेलेले बहुतेक हिंदूच राहिले, आणि तरी ते कॉलेजबद्दल आपुलकीने बोलतात. मला यात अपयश दिसत नाही.

माझी वरची खोली भाड्याने द्यायची आहे. लग्न न झालेलं जोडपं आलंय. दिली तर मी पापात भागीदार?

ते जोडपं मंडळीतलं नसेल तर पौलाचं उत्तर वर आलंय. भाडं, पोलीस व्हेरिफिकेशन, पाण्याची वेळ, एवढं बघा. तुम्हाला आत काही बोचत असेल तर नाही म्हणण्याचा हक्क तुमचा आहे, पण मग सगळ्या कॉलनीत कारण सांगत फिरू नका. आणि मंडळीतलं असेल तर? खोलीचा प्रश्न बाजूला ठेवून चहाला बोलवा. लग्न का अडलंय ते विचारा. एका जोडप्याने मला सांगितलं होतं की मुलीकडचे जात बघत होते. ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झालेलं घर! मग कुसळ कुणाच्या डोळ्यात आणि मुसळ कुणाच्या, ते तुम्हीच ठरवा.

शेजारी गणपतीला बोलावतात. जायचं का? प्रसाद खायचा का? आणि जो खातो त्याला काय म्हणायचं?

यावर आमच्या घरातच दोन पक्ष होते. बाबा मिलमध्ये होते. अनंत चतुर्दशीला रात्रभर मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघायच्या, दिव्यांनी लखलखलेल्या, आणि त्या रचणारे हात बाबांच्या खात्यातल्या मित्रांचे. बाबा मला खांद्यावर घेऊन बघायला नेत. मंडळीच्या एका वडिलांनी, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठाने, त्यांना चारचौघांत विचारलं, "मूर्तिपूजेला पोरीला नेता?" बाबा म्हणाले, "मी रामभाऊची सुतारकी बघायला जातो." त्यानंतर दोन वर्षं बाबा चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाला बसले नाहीत. कुणी मनाई केली नव्हती. त्यांचं मनच उठलं होतं.

पौलाने 1 करिंथ 8 ते 10 मध्ये हाच प्रश्न घेतलाय, फक्त तिथे प्रसादाऐवजी मूर्तीला वाहिलेलं मांस आहे. त्याचं उत्तर एका ओळीत मावत नाही. पूजेत भाग घ्यायचा नाही, हे तो स्पष्ट सांगतो. पण कुणी घरी जेवायला बोलावलं तर चौकश्या न करता वाढलेलं खा. कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. आणि रोम 14 मध्ये, एक जण सगळं खातो, दुसरा भाजीपालाच, तर खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. तो दुसऱ्याचा चाकर आहे, उभा राहिला काय नि पडला काय, त्याच्या धन्यापुढे.

मी जाते. आरतीला हात जोडत नाही, मागे उभी राहते, नंतर काकूंबरोबर पोहे वाढायला लागते. मोदक हातात देताना काकूच म्हणतात, "हा डब्यातला, पुढे ठेवलेला नाही." चाळीस वर्षांच्या शेजाराने त्यांनाही पौल कळलाय.

नवरा-बायकोत एकच विश्वासी असेल तर? दुसऱ्याला रोज सुनावायचं का?

कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली पाच वर्षं आठवा आणि दमाने घ्या. पौलही म्हणतो, न मानणारा जोडीदार राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये.

मुलाने सांगितलं की तो समलिंगी आहे. मंडळीत कुणाला कळलं तर?

सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी कलम 377 मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले. म्हणजे कायद्याच्या लेखी तो गुन्हेगार नाही. बहुतेक मंडळ्यांची शिकवण विवाह स्त्री-पुरुषाचा हीच आहे, मीही तीच शिकत आणि शिकवत आले, ती इथे पातळ करून सांगत नाही. पण तुमचा पहिला प्रश्न शिकवणीचा नाहीच, "कुणाला कळलं तर" असा आहे. तो लोक काय म्हणतील याचा प्रश्न आहे, आणि त्या चार लोकांचं नाव बायबलमध्ये मला अजून सापडलेलं नाही. मुलाने तुम्हाला सांगितलं, याचा अर्थ त्याचा तुमच्यावर भरवसा आहे. त्याला जेवायला वाढा. ज्या मंडळीत दारू पिऊन बायकोला मारणारा पहिल्या बाकावर बसतो, तिथे या पोराला मागच्या बाकावरूनही उठवायचं असेल तर त्यांनी मोजमाप पुन्हा तपासावं.

घटस्फोटित बाईला मंडळीत कामं देत नाहीत. ते बरोबर आहे का?

घटस्फोटाबद्दल येशूचे शब्द कडक आहेत, आणि ते बायकांना सोडून देणाऱ्या पुरुषांच्या प्रश्नावर उच्चारलेले आहेत, एवढं आधी वाचा. आता आपला इतिहास बघा. 1869 च्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण पुरेशी नव्हती. हे 2001 च्या दुरुस्तीने बदललं. तोवर किती जणी मुकाट राहिल्या आणि आपण त्यांना "आदर्श ख्रिस्ती पत्नी" म्हणत राहिलो! जी बाहेर पडली तिची चूक किती आणि तिच्यावर गुदरलं किती, हे कळायला तिच्याशेजारी बसावं लागतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उघडलं. नावातच 'कृपा' आहे, 'चौकशी' नाही.

मंडळीतल्या जबाबदार माणसाने एखाद्या मुलाशी गैरवर्तन केलं. मंडळीचे वडील म्हणतात, "दोष काढू नका, क्षमा करा." काय करू?

पोलिसात जा. आज.

2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. 1098 या चाईल्डलाइनवरही कळवता येतं. "दोन-तीन साक्षीदार हवेत" असं तीमथ्याच्या पत्रातून कुणी वाचून दाखवलं तर पुढची ओळही वाचायला सांगा : पाप करणाऱ्या वडिलांना सर्वांदेखत दोष लावायचा, म्हणजे इतरांना भय वाटेल. "दोष काढू नका" हे वाक्य दुबळ्याचं तोंड दाबायला वापरणं, याहून मोठं मुसळ मला ठाऊक नाही.

क्षमा केली म्हणजे शिक्षा नको, असं का?

आमच्या भागातलंच उदाहरण आहे. सिस्टर राणी मारिया उदयनगरच्या आदिवासी पट्ट्यात काम करायच्या, सावकारांच्या डोळ्यांत सलायच्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमधून ओढून त्यांना भोसकलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 मध्ये त्यांची सख्खी बहीण तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठीही शब्द टाकला आणि 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं.

क्रम बघा. खटला चालला, शिक्षा झाली, वर्षं गेली. खून झालाच नाही असं कुणी म्हटलं नाही. बहिणीने राखी बांधली ती खुन्यालाच, खुनी आहे हे पक्कं ठाऊक असून. क्षमेला आधी खरं बोलावं लागतं. आणि हेही सांगते, की ती बहिणीने स्वतः होऊन केली. दुसऱ्याने तिला "कर ना क्षमा" म्हणायचा हक्क नव्हता.

लोक आम्हालाच नावं ठेवतात. "काय मिळालं धर्म बदलून?" विचारतात. त्यांना काय उत्तर द्यायचं?

मी म्हणते, "रविवारी सकाळी लवकर उठायला मिळालं." बहुतेक जण हसतात. जो हसत नाही त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. पण असं कुणी विचारल्यावर जे टोचतं ते ध्यानात ठेवा, पुढच्या वेळी आपण कुणाबद्दल बोलायला तोंड उघडू तेव्हा कामी येतं.

संडे स्कूलसाठी मुसळ हवंय. कुठे मिळेल?

हा प्रश्न दर वर्षी येतो, म्हणून इथेच लिहून टाकते. नवीन विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, कुणाच्या तरी आजीच्या माळ्यावर असतंच. ओंबी मार्चमध्ये कुठल्याही शेतकऱ्याकडे मागा. आमचं मुसळ मी देत असे, पण गेल्या खेपेला नेलेलं अजून परत आलेलं नाही. कुणी नेलं ते मला माहीत आहे. इथे लिहीत नाही, आधी त्याच्या घरी जाऊन येते.